हात लावण्याआधी चेहरा पाहा

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

आज आम्ही चौघी तुमच्याशी बोलायला आलो आहोत. आमच्यातल्या दोघी अमरावतीच्या, दोघी अकोल्याच्या. चौघींचाही धंदा एकच, ब्युटी पार्लर. कुणाचं घराच्या पुढच्या खोलीत, कुणाचं चौकातल्या गाळ्यात. मुंबई-पुण्यासारखं आमच्याकडं काही भारी नाही. दोन खुर्च्या, एक आरसा, एक वाफेचं मशीन आणि उन्हाळ्यात घरघरणारा कूलर. पण वीस वर्षांत आमच्या हाताखालून हजारो चेहरे गेले. त्यातून जे शिकलो, आणि जे चुकून शिकलो, ते आज सांगणार आहोत. पार्लर चालवणाऱ्या बहिणींनी ऐकावं, आणि पार्लरमध्ये जाणाऱ्या मैत्रिणींनी तर जरूर ऐकावं.

विषय साधा आहे. बाई खुर्चीत बसली, की तिच्या चेहऱ्याला काही लावण्याआधी तिची त्वचा कशी आहे ते पाहायचं. तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचं? आम्हालाही तसंच वाटायचं.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, लग्नाची धामधूम. एक मुलगी आली, नवरीची मामेबहीण. लग्न चार दिवसांवर. ती म्हणाली, "ताई, ब्लीच करून द्या, चेहरा काळा पडून राहिला." बाहेर पाच जणी थांबलेल्या. आम्ही काही विचारलं नाही, पाहिलं नाही, नेहमीसारखं ब्लीच लावलं. दोन मिनिटांत ती ओरडली. पुसलं, गार पाण्यानं धुतलं, पण दोन्ही गाल लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी साल निघाली आणि आठवड्याभरानं तिथंच काळे डाग उमटले. लग्नात पोरगी ओढणीआड चेहरा लपवून बसली. ते डाग फिके व्हायला आठ महिने गेले. नंतर कळलं, की ती सहा महिन्यांपासून मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब रोज रात्री चेहऱ्याला लावत होती. तिची आई आम्हाला फक्त एवढंच बोलली, "एकदा विचारलं तर असतं, माय." ते वाक्य अजून आमच्या कानात आहे.

तेव्हापासून आम्ही नियम केला. आधी विचारायचं, मग पाहायचं, मग तपासून घ्यायचं, आणि मगच हात लावायचा.

पहिलं, विचारायचं. आमच्याकडं आता एक वही असते. नवी बाई आली, की पाच-सात प्रश्न विचारतो आणि लिहून ठेवतो. सध्या चेहऱ्याला काय लावता? साबण कोणता, क्रीम कोणती, ती कुणी दिली? मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का? डॉक्टर मोठ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाचं औषध देतात. ते चालू असताना, आणि बंद केल्यावरही सहा महिन्यांपर्यंत, चेहऱ्याला वॅक्स करू नये. त्या औषधानं त्वचा नाजूक होते आणि मेणाबरोबर वरची सालच निघून येते. दिवस गेले आहेत का, अंगावर पाजता का? साखर आहे का? आधी कधी ब्लीचनं, मेंदीनं किंवा केसांच्या डायनं खाज-सूज आली होती का? जखम भरल्यावर तिथं मांस वर वाढतं का? ओठांवर पुन्हा पुन्हा फोड येतात का? या आठवड्यात थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच काही केलं का? आणि दिवसभर काम कुठं करता, सावलीत की उन्हात?

हे विचारलं की काही जणी चिडतात. "काऊन एवढं विचारून राहिल्या? मले फक्त फेशियल पाह्यजे." आम्ही हसून सांगतो, "बाई, चेहरा तुमचा आहे, बिघडला तर परत नवा कुठून आणू?" कुणी थांबते, कुणी उठून शेजारच्या पार्लरमध्ये जाते. गेली तर जाऊ देतो. पैसे बुडतात, खोटं कशाला बोलावं? पण त्या मुलीचा चेहरा आठवतो आणि वही पुन्हा उघडतो.

दुसरं, पाहायचं. तेही ट्यूबलाइटखाली नाही. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मेकअप पुसलेल्या चेहऱ्याकडं.

आपण त्वचेचे चार प्रकार ऐकलेले असतात. सामान्य, कोरडी, तेलकट आणि मिश्र. ते ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. सकाळी सौम्य साबणानं चेहरा धुवा, पुसा आणि तासभर काहीही लावू नका. मग पातळ टिश्यू पेपर कपाळ, नाक, हनुवटी आणि गाल यांवर हलकेच दाबा. सगळीकडं तेलाचे ठसे उमटले, तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर उमटले, गाल कोरडे राहिले, तर मिश्र. कुठंच ठसा नाही आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो, तर कोरडी. अगदी पुसट ठसा आणि चेहऱ्याला काहीच त्रास नाही, तर सामान्य. पार्लरमध्ये तासभर कोण थांबणार? म्हणून आम्ही फोनवरच सांगतो, "घरून तोंड धुऊन या, काही लावू नका." येईपर्यंत तास होतोच.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, कोरडी त्वचा वेगळी आणि पाणी कमी झालेली त्वचा वेगळी. कोरड्या त्वचेत तेल कमी असतं. पण आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तेलकट चेहऱ्याचंही पाणी आटतं. वरून चमकतो आणि आतून ताणतो. अशा चेहऱ्याला तेलकट समजून स्क्रबनं घासलं, तर तो आणखी बिघडतो. दुसरी गोष्ट, त्वचेचा प्रकार जन्मभर एकच राहत नाही. मे महिन्यात तेलकट असलेला चेहरा जानेवारीच्या थंडीत उलतो. बाळंतपणानंतर बदलतो, पाळी जायच्या वयात बदलतो. म्हणून मागच्या वर्षी वहीत लिहिलं होतं ते या वर्षी चालत नाही, पुन्हा पाहावं लागतं.

आणि नाजूक त्वचा, जिला आपण सेन्सिटिव्ह म्हणतो, ती पाचवी जात नाही. तेलकट त्वचाही नाजूक असू शकते, कोरडीही. नुसत्या साबणानं झोंबणं, उन्हात गेलं की लाल होणं, नवीन काही लावलं की खाजणं, या तिच्या खुणा.

आता रंगाबद्दल बोलू. त्वचा उन्हाला कशी वागते यावरून तिचे सहा प्रकार करतात. अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ही पद्धत मांडली. प्रकाशाचे उपचार देताना कुणाला किती मात्रा द्यायची, हे ठरवायला ती होती. सुरुवातीला त्यात फक्त गोऱ्या कातडीचे प्रकार होते, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे नंतर जोडले. पहिल्या प्रकारची त्वचा उन्हात नेहमी भाजते, काळवंडत नाही. सहाव्या प्रकारची जवळजवळ कधीच भाजत नाही. आपण भारतीय बहुतेक करून चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येतो. म्हणजे भाजतो कमी, काळवंडतो लवकर.

हे पार्लरवालीला कशासाठी हवं? तर आपल्या त्वचेचा एक स्वभाव आहे. तिला चटका बसला, ओरखडा पडला, मुरूम फोडला, ब्लीच जास्त वेळ राहिलं, की ती जागा बरी होते पण मागं काळा डाग सोडते. गोऱ्या कातडीवर लाली येऊन निघून जाते, आपल्याकडं डाग महिनोन् महिने बसतो. म्हणून परदेशातल्या व्हिडिओत पाहिलेली कडक पील आपल्या चेहऱ्यावर करायची नाही. पील आणि लेझर ही कामं त्वचेच्या डॉक्टरांची. ती आम्ही करत नाही, आणि कुणी पार्लरमध्ये स्वस्तात करून देतो म्हणालं, तर तुम्हीही करून घेऊ नका.

हा प्रकार ओळखताना चेहऱ्याच्या रंगावर जाऊ नका. वेचणीला जाणाऱ्या बाईचा चेहरा उन्हानं रापलेला असतो. तिच्या दंडाची आतली बाजू पाहा, कानामागं पाहा. तो तिचा मूळ रंग. त्यापेक्षा उजळ कुणीही तिला करू शकत नाही, आम्हीही नाही. माणूस गोरा असो की काळा, रंग तयार करणाऱ्या पेशी सगळ्यांत साधारण सारख्याच असतात, त्या काम किती करतात एवढाच फरक. आणि तो रंगच आपल्याला या उन्हापासून वाचवतो. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बायांना आम्ही ब्लीचआधी दुपट्टा नीट बांधायला सांगतो, आणि परवडत असेल तर किमान तीस एसपीएफचं सनस्क्रीन लावायला. ब्लीच फक्त चेहऱ्यावरची लव फिकी करतं. कातडी गोरी करत नाही.

आता काही खुणा सांगतो. या दिसल्या की आम्ही हात मागं घेतो.

गालांवरची त्वचा पातळ, चकाकती, लालसर दिसते, बारीक शिरा दिसतात, बारीक मुरूम किंवा लव वाढलेली आहे, आणि उन्हात गेलं की आग होते. ही स्टेरॉइडच्या क्रीमनं बिघडलेली त्वचा असते. मेडिकलमध्ये खाज-नायट्याच्या किंवा डागांच्या ज्या ट्यूब मिळतात, त्यांतल्या कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं ट्यूबवर वाचा. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो, म्हणून बाई खूश होते, बहिणीला देते, भावजयीला देते. मग त्वचा पातळ होत जाते, आणि ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये सरकारनं त्वचेला लावायच्या चौदा स्टेरॉइड औषधांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण चिठ्ठी नसताना दुकानात मागणारे आपणच असतो. अशी ट्यूब लावत असाल, तर घाबरून एका दिवसात बंद करू नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू सोडवतात.

दुसरी खूण, मान. मानेच्या मागं, काखेत काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी. आई मुलीला म्हणते, "मान घासत नाही." ती घाण नसते. बरेचदा शरीरात साखरेचं गणित बिघडायला लागलं, की मान अशी दिसते. आम्ही तिथं ब्लीच लावत नाही. साखर तपासून घ्या म्हणतो.

तिसरी, गालांवर, नाकावर तपकिरी पट्टे, म्हणजे वांग. बाळंतपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी, उन्हानं तो येतो. त्याला घासू नये, वाफही जास्त देऊ नये, उष्णतेनं तो वाढतो. बाई चुलीपुढं दिवसभर असते, हेही विचारात घ्यावं लागतं. चौथी, पू भरलेले मुरूम, नायटा, ओठांवर फोड, नवा पांढरा चट्टा, किंवा तीळ अचानक मोठा होणं, त्यातून रक्त येणं. यातलं काही दिसलं, की डॉक्टर. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला आपण इर्विन म्हणतो. केसपेपर काढायचा आणि दाखवायचं. पार्लरमध्ये हजार रुपये घालवण्यापेक्षा ते बरं.

तिसरं, तपासून घ्यायचं. ब्लीच असो की केसांचा डाय, आधी कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहायचं आणि एक-दोन दिवस वाट बघायची. खाज, पुरळ, सूज काही आलं, तर ते तिला लावायचं नाही. मागच्या वेळी चाललं होतं म्हणून याही वेळी चालेल, असं नसतं. म्हणून नवरीला आम्ही महिनाभर आधी बोलावतो. लग्नाच्या आदल्या दिवशी चेहऱ्यावर नवीन काहीही करायचं नाही, हा आमचा पक्का नियम.

घरगुती म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या साली वाळवून आपण वाटतो. ती पूड जाडीभरडी असते, मुरुमांवर घासली तर चेहरा ओरबाडतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं, तर फोड येऊन काळे डाग पडू शकतात.

आता जी गोष्ट सांगायला आम्ही खरं तर आलो, ती सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या अकोल्याची बातमी पेपरात आली. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं ओळखीच्या ब्युटिशियनकडून गोरं होण्याची क्रीम घेतली. चेहरा उजळला, सगळे कौतुक करू लागले, म्हणून आईनं आणि मोठ्या बहिणीनंही तीच लावली. २०२२ च्या सुरुवातीला तिघींचीही किडनी बिघडली. एकाच घरात तिघींना एकदम कसं झालं, याचा शोध घेताना मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी क्रीम तपासायला पाठवली. त्यात पारा निघाला, परवानगीच्या कितीतरी पट जास्त. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायलाच बंदी आहे. नकळत आला तरी दहा लाख भागांत एक भाग, याच्या वर तो चालत नाही. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा उजळतो, पण तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनीची गाळणी खराब करतो. पुढं केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांना अशा क्रीम वापरणारे किडनीचे रुग्ण सापडले, आणि ते एका मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलं.

ती बातमी वाचली त्या संध्याकाळी आम्ही चौघींनी आपापली कपाटं उघडली. खरं सांगतो, आमच्यातल्या तिघींकडं बिनानावाच्या डब्या निघाल्या. एक माणूस बॅगेतून आणून द्यायचा. ना कंपनीचं नाव, ना लायसन्स नंबर, ना तारीख. "नाइट क्रीम, फुल रिझल्ट," एवढंच तो सांगायचा. पन्नासची डबी आम्ही दीडशेला विकायचो. वाईट हेतू नव्हता. पण आत काय आहे हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आम्ही बाईला दहा प्रश्न विचारत होतो, आणि डबी देणाऱ्याला एकही नाही.

विक्री त्याच दिवशी बंद केली. पुढचं काम कठीण होतं. ज्यांना विकल्या होत्या त्यांना फोन करायचा. दोन दिवस कुणाची हिंमत होईना. धंदा बसेल, नाव जाईल, कुणी भांडायला येईल, असं सगळं मनात आलं. शेवटी वही घेतली आणि एकेकीला फोन लावला. क्रीम थांबवा, डॉक्टरांना सांगा, लघवीची तपासणी करून घ्या. कुणी शिव्या दिल्या. कुणी म्हणाल्या, "ताई, मायी तर रंगत चांगली आली, मी थांबवत नाही." तिघींनी तपासणी केल्याचं आम्हाला कळवलं. दोघींचं ठीक निघालं. एकीच्या लघवीतून प्रथिनं जात होती, तिच्यावर उपचार चालू आहेत. क्रीममुळंच झालं का, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. आमच्या जिवाला मात्र तो घोर अजून आहे. ती बाई आजही आमच्याकडं थ्रेडिंगला येते आणि आम्ही तिच्याकडून पैसे घेत नाही. ती ते टेबलावर ठेवूनच जाते.

म्हणून क्रीम घेताना एवढं पाहा. कंपनीचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बनवल्याची आणि संपायची तारीख, आत काय काय आहे त्याची यादी. मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असं काही लिहिलं असेल, तर ती हातातही घेऊ नका. सोन्या-चांदीला लागू देऊ नका, अशी सूचना असलेली क्रीमही नको. जी सोन्याला चालत नाही ती लेकीच्या गालाला कशी चालेल? वापरत असाल आणि चेहऱ्यावर, पायांवर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर तडक डॉक्टरांकडं जा आणि डबी सोबत न्या. पार्लरवालीकडं बिनानावाची डबी दिसली, तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते.

एक शेवटचं. आमच्याकडं येणाऱ्या दहा जणींपैकी सहा जणी "थोडं गोरं करून द्या" म्हणतात. त्यातल्या कितीतरी जणी सावळ्या म्हणून स्थळानं नाकारलेल्या असतात. आई बाजूला बसून डोळे पुसते. अशा वेळी आम्ही काय करावं? चेहरा स्वच्छ करून देतो, भुवया नीट करून देतो, केस छान बांधून देतो, आणि आरशासमोर उभं करतो. गोरं करून देतो असं आता म्हणत नाही. खूप जणी नाराज होऊन जातात. त्यातल्या काही परत येतात, आणि सोबत कुणाला तरी घेऊन येतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पार्लरमध्ये गेलात आणि ताईनं दहा प्रश्न विचारले, तर चिडू नका. नाही विचारले, तर तुम्हीच सांगा, काय लावता, कोणतं औषध घेता, काय सोसत नाही. आणि तिच्या डबीवरचं नाव वाचायला मागा. पार्लर चालवणाऱ्या बहिणींनो, एक वही घ्या. शंभर रुपयांची मिळते.